अर्ध्याच्या जरा वर

रामकिसनराव, म्हणजे मुलांचे अप्पा, गेल्यावर त्यांच्या दोन मुलांत सगळ्याची वाटणी झाली. गंगापूरजवळची जमीन वाटली, गोठा वाटला, पितळी हंडे वाटले, विहिरीचं पाणी दिवस ठरवून वाटलं. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून मात्र बोलणं इतकं वाढलं की थोरला पुंजाराम आणि धाकटा राजेंद्र यांनी एकमेकांच्या घराची पायरी चढणं सोडलं. ते झाड पुढच्याच उन्हाळ्यात वाळून गेलं. अबोला हिरवा राहिला.

वाटायची राहिली ती गाडी. पांढरी अँबॅसॅडर, रामकिसनरावांनी उसाच्या चांगल्या वर्षात घेतलेली. तिचे दोन भाग करता येत नव्हते. एकानं ठेवून घ्यावी म्हटलं, तर दोघांनाही ती दुसऱ्यानं घ्यावी असं वाटायचं. आणि दुसरा घेतो म्हणाला की वाटायचं, हा घेतोय म्हणजे तीत काहीतरी असणार.

शेवटी मामांना बोलावलं. मामांना निवाडे करायची हौस होती आणि अनुभव फक्त विहिरींचा होता. त्यांनी गाडीलाही विहिरीचाच कायदा लावला. उजेडाचा पंधरवडा पुंजारामचा, अंधाराचा राजेंद्रचा. पौर्णिमेला थोरल्यानं धाकट्याला गाडी द्यायची; अमावास्येला वाहन हलवणं बरं नाही म्हणून धाकट्यानं थोरल्याला दुसऱ्या दिवशी. पेट्रोलचं काय, असं कुणीतरी विचारलं. मामा म्हणाले, "काटा जिथं घेतला तिथं द्यायचा. झालं." मग त्यांनी पान खाल्लं आणि न्यायदान संपलं. पुढं अधिक महिना आला तेव्हा त्यांना पुन्हा बोलवावं लागलं, पण ते वेगळं.

गाडी घरी आणून द्यायची सोय नव्हती, कारण पायरी चढायची नव्हती. म्हणून राजेंद्रचं शहर आणि पुंजारामचं गंगापूर यांच्या मधे, वाळूज मागं टाकल्यावर एका फाट्यावरचं हॉटेल दोघांनी ठरवलं. एकानं गाडी तिथवर आणायची, दुसऱ्यानं तिथून न्यायची, आणि ज्यानं दिली त्यानं जीपनं परत जायचं. जीप भरेपर्यंत वेळ जायचा. तेवढ्यात चहा व्हायचा.

"चालती ना नीट?" पुंजाराम विचारायचा.

"चालते."

"क्लच?"

"धरतो जरा."

"धरनारच. म्हातारी झाली."

एवढं बोलणं महिन्यातून दोनदा. कधी क्लचवरून गोष्ट पुंजारामच्या गुडघ्यावर जायची, कधी गळक्या रेडिएटरवरून राजेंद्रची मुलगी राजनंदिनी पुण्यात काय खाते इथपर्यंत. मुद्दाम भावाची खुशाली विचारली असती तर दोघांनाही अपमान वाटला असता. गाडीची विचारली तर चालत होतं.

आता काट्याचं. पेट्रोलचा काटा वाटणीनंतर थोड्याच वर्षांत अडकला. अर्ध्याच्या जरा वर. गाडी चालू असो, बंद असो, घाटात असो, काटा अर्ध्याच्या जरा वर. दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघंही ते बोलले नव्हते. बोललं असतं तर नियम पुन्हा काढावा लागला असता, म्हणजे पुन्हा मामा. त्यामुळं गाडी देताना दोघंही काट्याकडं नजर टाकायचे, "बरोबर हाय" म्हणायचे, आणि किल्ली द्यायचे. टाकीत खरोखर किती आहे हे काट्यावरून कळत नसल्यानं, उगाच आपल्याकडं बोट यायला नको म्हणून, फाट्यावर येण्याआधी प्रत्येक जण पंपावर थांबून थोडं जास्तच भरायचा. इतक्या वर्षांत गाडी पेट्रोलवाचून एकदाही थांबली नाही. याचं आश्चर्य कुणाला वाटलं नाही.

यंदा ज्येष्ठातल्या पौर्णिमेला पुंजारामनं किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "राजू, इकून टाकू आता ही."

राजेंद्रनं कप खाली ठेवला. "का?"

"का काय. काय ऱ्हायलंय तिच्यात. पुढची घड्याळं बघ. एकबी चालंना. वेगाचं नाचतं, पाण्याचं झोपतं, पेट्रोलचं तर मेलंच. मुडद्यावानी तोंड झालंय तिचं."

"घड्याळांवर गाडी चालत नाही, दादा."

"तेच म्हनतो मी. कशावरच चालंना."

राजेंद्र शहरात, उस्मानपुऱ्यात राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. घरी येईपर्यंत त्यानं प्रश्न मांडून ठेवला होता. गाडी गेली तर फाटा गेला. फाटा गेला तर दादाला भेटायचं कारण गेलं. लग्नकार्यात दोघं समोरासमोर यायचे, पण तिथं आहेराचं पाकीट देण्यापलीकडं काही होत नसे. तेव्हा गाडी जायला नको. आणि गाडी जायचं कारण, दादाच्याच तोंडून, घड्याळं. म्हणजे घड्याळं दुरुस्त केली की कारण उरलं नाही.

हे सगळं त्यानं पत्नीला, तनुजाला समजावून सांगितलं. तनुजा एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिला रोज कारणं ऐकायची सवय आहे.

"दादा गाडी विकू म्हणाले," ती म्हणाली. "घड्याळं दुरुस्त कर असं नाही म्हणाले."

"घड्याळं मेलीत म्हणून विकू, असं म्हणाले."

"हे तर्कशास्त्र झालं. दादांनी तर्कशास्त्र घेतलं होतं का?"

"दादांनी दहावीनंतर शेत घेतलं होतं."

"मग?"

मग काही नाही. रविवारी सकाळी राजेंद्रनं बॅटरीची तार सोडली, स्टिअरिंगच्या मागचे स्क्रू काढले, डॅशबोर्डच्या पाठीमागं कोपरापर्यंत हात घालून वेगाच्या मीटरची केबल बोटांनी फिरवून सोडवली, प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नंबर टाकला आणि घड्याळांचा अख्खा संच बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तसा दोन्ही हातांवर घेऊन वर आला. तो त्यानं जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"इथं?" तनुजा म्हणाली.

"घरात सपाट असं दुसरं काही नाही."

"गच्ची आहे."

"गच्चीला उतार आहे."

त्या दिवशी जेवण खाली सतरंजीवर झालं. पुढचे काही दिवसही तिथंच झालं.

काचांवर आतून एक पिवळट साय धरली होती. कड्याचे वाकवलेले दात चाकूच्या बोथट टोकानं एकेक उचलून त्यानं कडं काढलं, काच सोडवली, लहान मुलांच्या साबणाच्या पाण्यात धुतली आणि तनुजाच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसली. आकड्यांच्या तबकडीला पाणी लावायचं नसतं, रंग उठतो. म्हणून तिथं नुसता मऊ ब्रश. कान धुवायचा रबरी फुगा औषधाच्या दुकानातून आणला आणि त्यानं धूळ फुंकली. दुकानदारानं कुणाचा कान विचारल्यावर राजेंद्र "गाडीचा" म्हणाला आणि पैसे देऊन निघाला. वेगाच्या मीटरची केबल कोरडी ठाक होती. तिला ग्रीस पाजल्यावर काटा नाचायचा थांबला. पाण्याच्या घड्याळाची एक वायर नुसती सुटलेली होती. ती पुन्हा जोडल्यावर इतकी वर्षं आपण त्याला झोपलेलं समजत होतो, याचं त्याला थोडं वाईट वाटलं. काट्यांचा केशरी रंग उडाला होता. राजनंदिनीची नेलपॉलिशची बाटली कपाटात राहिली होती, तिच्यातला रंग जुळला.

पेट्रोलचं घड्याळ त्यानं शेवटी घेतलं. भिंग लावून पाहिलं, तर काट्याच्या मुळाशी लालसर, घट्ट, गुळाच्या खड्यासारखं काहीतरी बसलं होतं. बराच वेळ बघितल्यावर उलगडलं. दर दसऱ्याला पुंजारामकडं आणि लक्ष्मीपूजनाला राजेंद्रकडं गाडीची पूजा व्हायची, डॅशबोर्डवर हळदकुंकू वाहिलं जायचं, नारळ फुटला की त्यातलं थोडं पाणी तिथंच शिंपडलं जायचं. वरच्या पत्र्याला बारीक चीर होती. वर्षाकाठी थोडं थोडं करून दोन्ही घरांच्या श्रद्धेनं काटा चिकटवून ठेवला होता.

"काढावं का?" तो म्हणाला.

"कुंकू आहे म्हणून विचारताय?"

"नाही. म्हणजे, सहज."

"आता एवढं केलंय तर काढा. आणि टेबल मोकळं करा."

दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून, पेट्रोलचा थेंब लावून, त्यानं ते कुंकू कणाकणानं विरघळवलं. काटा सुटला. सुटल्यावर तो इतक्या निवांतपणे शून्यावर जाऊन बसला की राजेंद्रला भरून आलं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला असे प्रसंग फार येत नाहीत.

सगळं पुन्हा गाडीत बसवून त्यानं किल्ली फिरवली. हे घड्याळ आतली पट्टी तापेल तसतसं चढतं, त्यामुळं काटा घाईत नसतो. तनुजा शेजारच्या सीटवर बसली होती. काटा हलला, पावाच्या पुढं गेला, अर्ध्यावर आला, तिथं थांबला नाही, पाऊण गाठून मगच थबकला.

"बिघडला," तनुजा म्हणाली.

"नाही." त्यानं उतरून टाकीचं झाकण काढलं आणि वेळूची स्वच्छ काडी आत सोडली. काडी काट्यासारखंच बोलली.

तो परत येऊन बसला. या पंधरवड्यात गाडी कॉलेजला जाऊन आली होती, सासूबाईंना घेऊन खुलताबादला जाऊन आली होती, आणि त्यानं पेट्रोल घातलेलं नव्हतं. तरी पाऊण टाकी.

"म्हणजे दादांनी गच्च भरून दिली होती," तनुजा म्हणाली.

"असं दिसतंय."

"दरवेळी भरून देत असतील."

"ते सांगता येणार नाही. आपल्याकडं तेवढी निरीक्षणं नाहीत."

"मग आपणही भरून देऊ."

इथं राजेंद्र विचारात पडला. शिकलेला माणूस विचारात पडला की घरच्यांनी सावध राहावं, हे तनुजाला ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत तपासणी होती.

"नियम काय आहे?" तो म्हणाला. "काटा जिथं घेतला तिथं द्यायचा. मी घेतला तेव्हा काटा अर्ध्याच्या जरा वर होता."

"तो काटा मेलेला होता."

"नियमात काटा म्हटलंय. जिवंत, असं कुठं म्हटलंय? आणि भरून दिली तर काटा भरलेला दिसणार, मग दादाला दरवेळी भरून देणं भाग. आधीच त्याला गाडी जड झालीय. उलट अर्ध्यावर दिली तर त्याचा भार हलका होईल."

तनुजा म्हणाली, "तुमचं हे बोलणं मला पटतंय. म्हणूनच भीती वाटतेय."

अडचण एवढीच होती की काटा पाऊणवर होता आणि तो अर्ध्याच्या जरा वर आणायचा, म्हणजे पेट्रोल जाळायला हवं. राजेंद्रनं ते जाळलं. तो तनुजाला रोज शाळेत सोडायला गेला, जे त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यानंतर केलं नव्हतं. शेजारच्यांना स्टेशनवर पोचवलं. एका संध्याकाळी दोघं दौलताबादच्या रस्त्यानं विनाकारण फिरूनही आले, आणि तनुजाला ते आवडलं. अमावास्येला काटा नेमक्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर पुंजाराम गाडीत बसला आणि क्षणभर बसूनच राहिला. काचा लखलखत होत्या. आकडे पांढरे फेक दिसत होते. त्यानं अंगठ्यानं काच चोळली, जणू वर काही चिकटवलं असावं.

"नवी बसवली व्हय?"

"नाही. तीच आहेत. साफ केली."

"कुनी?"

"मीच."

"तू?" पुंजाराम हसला. "पोरपनी अप्पांचा रेडिओ खोलला हुतास, तो अजून खोललेलाच हाय."

"त्याचा एक स्क्रू हरवला होता."

"तूच गिळला हुतास तो. लई रडली हुती आई." त्यानं किल्ली फिरवली. "लई भारी केलंस, राजू. मानलं."

राजेंद्रला वाटलं, झालं काम. गाडी राहिली.

काटा चढू लागला. पुंजाराम कौतुकानं बघत होता. काटा अर्ध्यावर आला, जरासा वर सरकला, थांबला. पुंजाराम आणखी थोडं थांबला. मग म्हणाला, "अजून चढंल का?"

"नाही. एवढंच आहे."

"अर्धी?"

"अर्ध्याच्या जरा वर. होता तिथंच आहे काटा."

पुंजारामनं किल्ली बंद केली. काटा खाली येईपर्यंत तो त्याच्याकडं बघत होता. "मी गच भरून दिलती," तो म्हणाला.

"हो. ते मला नंतर कळलं."

"कळलं?"

"काटा दुरुस्त झाल्यावर."

"आन् कळल्यावर तू अर्धी आनलीस."

राजेंद्रनं नियम सांगायला सुरुवात केली. भार हलका होण्याचा मुद्दाही सांगितला. तो मुद्दा जेवणाच्या टेबलाशेजारी सतरंजीवर जितका चांगला वाटला होता तितका फाट्यावर वाटला नाही.

"इतकी वर्सं मोजत नव्हतो म्हनून भरत हुतो," पुंजाराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू मोजायचं यंत्र केलंस. बरं केलंस. आता मोजून दीन."

त्यानं गाडी वळवली आणि गेला. चहा आधीच सांगितला होता. राजेंद्रनं दोन्ही कप प्यायले.

पुढच्या पौर्णिमेला पुंजाराम वेळेवर आला. घड्याळाच्या काचेवर, काटा जिथं होता नेमकं तिथं, पुंजारामच्या बायकोची, आवडाबाईंची लाल टिकली चिकटवलेली होती. वहिनींचा यात काही हात नव्हता. टिकलीचं पाकीट आरशावरून परस्पर उचललेलं होतं.

"बघ," पुंजाराम म्हणाला. काटा टिकलीपाशी येऊन थांबला. जवळजवळ.

"केसभर खाली आहे," राजेंद्र म्हणाला. त्याला हे म्हणायचं नव्हतं. पण समोर काटा होता, खूण होती, आणि आयुष्यभर तो पोरांना हेच शिकवत आला होता.

"उतार हाय इथं."

"मग सपाटीला लावून बघू."

हॉटेलच्या पटांगणाला खरंच उतार होता. गाडीचं तोंड गंगापूरकडं केलं की काटा खाली यायचा, शहराकडं केलं की वर जायचा. दोघं भाऊ आलटून पालटून गाडी फिरवत राहिले. हॉटेलवाला बाहेर येऊन बघून गेला. त्याला वाटलं, कुणीतरी लायसन काढायच्या तयारीत आहे. त्या दिवशी दोघं एरवीपेक्षा पुष्कळ जास्त बोलले, पण त्यातलं एकही वाक्य गुडघ्याबद्दल किंवा राजनंदिनीबद्दल नव्हतं. दोन जीपा भरून गेल्या.

राजेंद्रनंही मग केसभर खाली दिली. थोडी पडतीच बरी, म्हणून पुंजारामनं आणखी केसभर. काट्याबरोबर टिकलीही खाली सरकत राहिली. काचेवर जुन्या जागांचे गोल डाग उमटले. पूर्वी फाट्यावर येण्याआधी पंपावर थांबायची सवय होती, ती दोघांचीही मोडली. आता पंप ओलांडून झाल्यावर काट्याकडं बघायची लागली. नवरात्र येईतो टिकली रिकाम्या टाकीच्या लाल पट्ट्याच्या काठावर येऊन बसली होती.

दसऱ्यानंतर, म्हणजे उजेडाच्या पंधरवड्यात, पुंजाराम आवडाबाईंना घेऊन एका बारशाहून परत येत असताना गाडी रस्त्यात थांबली. पेट्रोल संपलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आवडाबाईंनी भरजरी लुगड्यात, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याच्या देखत, गाडीला धक्का दिला.

त्या संध्याकाळी राजेंद्रचा फोन वाजला. दादाचा फोन येण्याची सवयच नव्हती, म्हणून त्यानं तो उभं राहून उचलला.

"गिऱ्हाईक बघितलंय," पुंजाराम म्हणाला. "पुनवंला फाट्यावर येतंय. कागद घिऊन ये."

"दादा, जरा विचार कर."

"तू केलास तेवढा पुरे हाय."

गिऱ्हाईकाचं नाव गोकुळ. खुलताबादकडचा तरुण, लग्नांना सजवलेल्या जुन्या गाड्या पुरवायचा. त्यानं टायर लाथेनं ठोकून पाहिले, बॉनेट उघडलं आणि काही न बघता पुन्हा लावलं. मग आत बसला आणि तिथंच त्याचा चेहरा बदलला.

"मीटर ओरिजिनल आहेत?"

"तेच हायत," पुंजाराम म्हणाला.

"अन् चालू?"

"चालू."

"असं कुठं भेटत नाही हो. आजकाल नवरदेवाचे फोटो आतूनच काढतात, स्टिअरिंग धरून. मागं हे मीटर दिसले की काम झालं." तो काचेवर वाकला. "ही टिकली कशाची?"

दोघं भाऊ एकदम बॉनेटकडं बघू लागले. गोकुळनं ती शुभ असणार असं समजून राहू दिली.

राजेंद्र बाजूला उभा होता. गाडी जाऊ नये म्हणून त्यानं जेवणाचं टेबल अडवलं, कान धुवायचा फुगा आणला, मुलीची नेलपॉलिश संपवली, आणि त्याच कामावर भाळून हा मनुष्य गाडी घेऊन निघाला होता. वर्गात हे उदाहरण द्यायला चांगलं होतं. फक्त कोणत्या धड्यात, ते सुचत नव्हतं.

व्यवहार झाला. किंमत दोघांनाही कमी वाटली आणि कुणीच घासाघीस केली नाही. सह्या झाल्या. दोघांच्या सह्या एका कागदावर, एकाखाली एक. वाटणीच्या कागदानंतर पहिल्यांदाच. राजेंद्रनं पेन परत देताना दादाच्या बोटांकडं पाहिलं. सांधे सुजले होते. गुडघ्याचंच हातातही आलं असावं. विचारायला हवं होतं. पण आता गाडी नव्हती, आणि नुसतंच कसं विचारणार.

गोकुळनं डिकी उघडली. आत एक जुनी स्टेपनी होती, चाकाची तबकडी गंजलेली, टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली.

"हे नको मला," तो म्हणाला. "मी पाची टायर नवे टाकणार. हे ठेवा तुम्हालाच." त्यानं ती स्टेपनी बाहेर काढून दोघांच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेवली, नमस्कार केला, आणि गाडी घेऊन गेला.

धूळ बसली. शहराकडं जाणारी एक जीप हॉर्न वाजवत होती. पलीकडं गंगापूरची उभी होती, जवळजवळ भरलेली. राजेंद्रला वाटलं, आता आपण जीपकडं चालायला लागायचं, आणि मग संपलं. पुढची भेट कुणाच्या तरी मांडवात, पाकीट देताना.

"दादा, तू ने ही," तो स्टेपनीकडं बघत म्हणाला. "बैलगाडीला वगैरे होईल."

"बैलगाडीला स्टेपनी लागती का?"

"मग भंगारात दे."

"भंगारात कशी? अप्पांची हाय." पुंजाराम म्हणाला. त्यानं स्टेपनी पायानं जराशी सरळ केली, जणू ती वाकडी पडली होती. "आन् वाटनी झालेली नाय हिची."

"दोघांत एक आहे. वाटणार कशी?"

"तेच." पुंजारामनं आभाळाकडं पाहिलं. दिवसाचं आभाळ होतं, चंद्राचा पत्ता नव्हता, पण हिशेब त्याला तोंडपाठ होता. "आज पुनव. उद्यापासून अंधाराचा पंधरवडा. म्हंजी तुझा."

राजेंद्रनं त्याच्याकडं पाहिलं. पुंजाराम पाहत नव्हता. तो स्टेपनी उभी करत होता. वाकताना त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"गुडघा का?" राजेंद्र म्हणाला.

"धरतो जरा."

"मी घेतो, राहू दे."

"घे. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी आन. आमुशाला हालवू नको."

"नाही हलवणार."

हॉटेलच्या शेजारी पंक्चरवाल्याचं दुकान होतं. चाक दिसल्यावर तो आपणहून पुढं आला, हातात हवेचं मीटर घेऊन. "मोजून देऊ का, सर? किती आहे कळंल तरी."

राजेंद्रचा हात सवयीनं पुढं झाला होता. तो त्यानं स्टेपनीवर ठेवला आणि अंगठ्यानं टायर दाबला. टायर बऱ्यापैकी आत गेला.

"नको," तो म्हणाला. "बरोबर आहे."

"बरोबर हाय," पुंजाराम म्हणाला, आणि गंगापूरच्या जीपकडं लंगडत निघाला. अर्ध्यात वळून म्हणाला, "पोरीला म्हनाव, पुन्यात नुसतं वडापाववर ऱ्हाऊ नको."

शहराच्या जीपमध्ये टपावर जागा नव्हती. राजेंद्र स्टेपनी मांडीवर घेऊन मधल्या बाकावर बसला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर काळा गोल उठत होता. शेजारी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी वाळूजपर्यंत दम धरला.

"गाडी कुठं बंद पडली, मास्तर?"

"गाडी विकली."

"मग हे?"

"हे भावाला द्यायचंय."

गृहस्थांनी आठवून पाहिलं. "भाऊ तर तिथंच हुते की. फाट्यावर. तुमच्याशीच बोलत."

"आज नाही द्यायचं," राजेंद्र म्हणाला. "अमावास्येनंतर."

गृहस्थांनी मान डोलावली, आणि पाय जरा आवरून घेऊन स्टेपनीला जागा करून दिली.